दादाचं म्हणणं पटलं

ब्रिटनच्या पंतप्रधानांना आमच्या घरात जेवढ्या शिव्या पडल्या, तेवढ्या तिथल्याही कुठल्या घरात पडल्या नसतील. पंतप्रधान बदलत गेले, शिव्या त्याच राहिल्या. मी दोह्याच्या अल दुहैल भागात राहणारा इंजिनियर. माझा थोरला भाऊ लंडनच्या बाहेर अकाउंट्सचं ऑफिस चालवतो आणि तिथला नागरिक होऊन त्याला जमाना झाला. मी अर्धं आयुष्य कतारमध्ये काढलं, तरी इथं मी पाहुणाच, आणि पाहुण्यानं यजमानाच्या घरातल्या गोष्टींवर बोलायचं नसतं. भारतात मतदान असतं तेव्हा मी इथं साइटवर असतो. म्हणून बोलायची सगळी खाज ब्रिटनवर भागवायची. लुसैलच्या आमच्या ऑफिसातला रत्नागिरीचा मित्र मला म्हणायचा, "अरे, इथं यल्ला म्हटलं की चालायचं, खलास म्हटलं की थांबायचं. तुझं मत विचारलंय कोणी? मग जातोस बिचाऱ्या इंग्रजांच्या घरात मत द्यायला."

दर शनिवारी दादा तिथल्या एका वर्तमानपत्राच्या फेसबुक पानावर कॉमेंट लिहायचा. बातमी बहुतेक बाहेरून येणाऱ्या लोकांची असायची. आम्ही आलो ते कायद्यानं आलो, कष्ट करून राहिलो, आता ऊठसूट कोणीही येतं आणि चिकटतं, असा सूर. मग तो त्या कॉमेंटची लिंक आम्हा भावंडांच्या ग्रुपवर टाकायचा. म्हणजे मला बोलावणंच. मी चहा घेऊन बसायचो आणि त्याच पानावर, त्याच्या कॉमेंटखाली त्याचे वाभाडे काढायचो. हे सगळं इंग्रजीत. मराठीत आम्ही एकमेकांची फक्त तब्येत विचारायचो. एकदा कुणा गोऱ्यानं दादालाच लिहिलं, की तुझं बरोबर आहे, आता तूही बॅग भर. दादानं त्यावर हसरा चेहरा टाकला. तो चेहरा पाहून मला दादाची कीव आली होती, आणि थोडी मजाही वाटली होती, हे खोटं कशाला बोलू.

मजा होती ती माझा मुलगा तिकडे शिकायला जाईपर्यंत. तो दोह्यात जन्मला, इथंच शाळेत गेला. आमचं गाव नाशिक त्याला जुलैच्या सुट्टीपुरतं माहीत. ब्रिटनमध्ये त्याचं अकाउंट्सचं शिक्षण पुरं झालं, नोकरी शोधण्यापुरता मिळालेला व्हिसा संपत आला, आणि तेवढ्यात नियम कडक झाले. परदेशी माणसाला ठेवायचं तर पगार अमुक इतका हवा, कंपनीकडे परवाना हवा. मुलाखतीत हसून बोलणाऱ्या कंपन्या परवान्याचा विषय निघाला की फोन उचलेनात. इथं परत यावं तर पंचविशी गाठलेल्या मुलाला बापाच्या व्हिसावर राहता येत नाही. त्याला तिथं नोकरी मिळाली नाही, तर त्यानं जायचं कुठं, हे मला सांगता येत नव्हतं.

दादाच्या ऑफिसकडे तो परवाना होता. नोकरीही निघण्यासारखी होती. त्याच वर्षी त्यानं दोन माणसं घेतली होती.

"तुम्ही आधी ते भांडण बंद करा," बायको म्हणाली. "भावजी भारतात जाताना आपल्याकडे उतरतायत. त्याआधी त्यांचं म्हणणं पटलं असं लिहा. अडला हरी..." एवढं बोलून ती थांबली. पुढे गाढव येतं, आणि थोरल्या दिराला गाढव म्हणायची पद्धत तिच्या माहेरी नाही. "आणि पोराला यातलं काही कळू देऊ नका. काकापुढे हात पसरलेले त्याला खपणार नाहीत."

त्या शनिवारी दादानं लिहिलं होतं, की शिकून झालेल्या परदेशी मुलांना नोकरी नसेल तर लगेच परत पाठवावं. मी खाली लिहिलं, इतकी वर्षं मी याच्या विरुद्ध बोललो, पण आता मला तुझं पटतं. देशानं आधी आपल्या मुलांचं पाहावं, बाकीच्यांनी आपल्या घरी जावं. भराभर लिहिलं. इतकी वर्षं त्याचीच वाक्यं वाचून पाठ झाली होती. माझ्या आजवरच्या कुठल्याच कॉमेंटला मिळाली नव्हती एवढी वाहवा तिला मिळाली. अनोळखी लोकांनी मला शहाणा म्हटलं. दादानं ग्रुपवर लिहिलं, "उशिरा का होईना."

पुढच्या आठवड्यात दादा आणि वहिनी एका दिवसासाठी आमच्याकडे उतरले. आमचं घर म्हणजे नातेवाइकांचा हक्काचा थांबाच आहे. मी पहाटे गाडी काढून अल रुवैसच्या बंदरावरून ताजी सुरमई आणली. बायकोनं निम्मी तळली, निम्म्याचं कालवण केलं. दादा पोटभर जेवला आणि बोटं चाटत म्हणाला, की तिकडे असा मासा मिळत नाही. मग मी विषय काढला. पोराचं सगळं सांगितलं. विनवणीच केली म्हणा.

दादानं हात धुतले, पुसले, माझ्या शेजारी येऊन बसला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हे बघ, तू पहिल्यासारखा असतास ना, तर मला उत्तर शोधावं लागलं असतं," तो म्हणाला. "आता तूच सगळ्यांसमोर लिहिलंस. मग तुला मी काय समजावून सांगणार? उद्या लोक मला म्हणतील, बाहेर हे लिहितो आणि ऑफिसात पुतण्याला घेतो. तुलाही तेच म्हणतील."

तो प्रेमानं बोलला, याचाच मला अजून राग येतो. खेकसला असता तर भांडता आलं असतं. पण माझ्या हातातलं भांडण मीच आठवडाभर आधी त्याला देऊन टाकलं होतं. वहिनींनी बायकोला कालवणातला मसाला कुठला म्हणून विचारलं. बायकोनं नीट सांगितलं, वर थोडा बांधूनही दिला. संध्याकाळी मी दोघांना विमानतळावर सोडून आलो. गाडीत दादा तिथल्या निवडणुकीबद्दल बोलत होता आणि मी हो हो म्हणत होतो.

दोन दिवसांनी मुलाचा फोन आला. आम्हा दोघा भावांची भांडणं तो पहिल्यापासून वाचायचा आणि माझ्या बाजूनं असायचा. मी काही टोचणारं लिहिलं की लगेच त्याचा मेसेज यायचा. या वेळी आला नव्हता.

"बाबा, आय सॉ युअर कॉमेंट," तो म्हणाला. "डू यू रिअली थिंक दॅट?"

बायको समोरच उभी होती, मान हलवून नको म्हणत होती. त्याला खरं सांगायचं तर काकापुढे शब्द टाकला होता हे सांगावं लागणार, आणि काका नाही म्हणाला हेही. त्याच्या मनात तेवढा एक दरवाजा अजून उघडा असेल, तर तो मी कशाला लावू?

"अरे, ते तुझ्याबद्दल नव्हतं," मी म्हणालो.

"देन हू वॉज इट अबाउट?" त्यानं विचारलं. आवाज चढवला नाही. त्याला खरंच उत्तर हवं होतं.