कानिफनाथाने निवडलेली करवत

कानिफनाथ बोलायला महाकंजूस. श्रीरामपूरजवळच्या एका गावात आबासाहेब बागायतदारांच्या घरी तो लाकडं फोडायचा. घर एवढं मोठं, की चुलीला दिवसभर उसंत नसायची. त्याने रचलेल्या राशीतलं लाकूड कुणी मधूनच उपसलं, की हा गडी सगळी रास मोडून पुन्हा रचायचा आणि संध्याकाळपर्यंत तोंड फुगवून बसायचा. लाकडं माझी सवत आहेत, असं त्याची बायको चांगुणा हसत सगळ्यांना सांगायची.

बहात्तरच्या दुष्काळात त्याचा उजवा खांदा गेला. कुऱ्हाड डोक्याच्या वर जाईना. आबासाहेबांच्या मळ्यात वीज आलेलीच होती, तेव्हा लाकडं फोडायला विजेचं यंत्र घ्यायचं ठरलं. लाकडातलं तुलाच कळतं, म्हणून आबासाहेब त्यालाच श्रीरामपूरला घेऊन गेले. आपल्या पोटावर पाय देणारं यंत्र आपणच पसंत करायचं! काम सुटलं तर उरली फक्त दुष्काळी कामावरची सरकारी खडी. खांद्यामुळे याला हातोडा उचलवणार नव्हता, म्हणजे उन्हात बसायची पाळी चांगुणावर. तिला दमा होता. खडीच्या धुळीत ती टिकणार नाही, ही एकच धास्ती त्याच्या उरावर बसली होती.

तिथल्या यंत्रांच्या कारखान्यात दोन यंत्रं होती. एकात ओंडका आडवा ठेवून खटका दाबायचा, की लोखंडी पाचर सावकाश पुढे सरकून त्याला चिरायची. घरातली बाईसुद्धा हे एकटी चालवील, असं कारखानदार कौतुकाने म्हणाला. दुसरं म्हणजे मोटरवर गरगरणारी गोल करवत. तिला दोन माणसं लागत, एक ओंडका रेटायला आणि एक पलीकडून ओढायला.

कानिफनाथाला पाचरच योग्य वाटली. वेशीवरची वाळलेली बाभूळ आबासाहेबांनी सरपणासाठी नुकतीच विकत घेतली होती. कुणाचा ताप हटेना, कुणाला भूत लागलं, की मांत्रिक ती पीडा खिळ्यात बांधून त्या बाभळीत ठोकायचा. पिढ्यान्‌पिढ्यांचे खिळे तिच्यात होते. कुऱ्हाड खिळ्याला लागली की हाताला झिणझिण्या येतात आणि माणूस थांबतो. करवत थांबत नाही. हे सगळं त्याला तिथे उभ्या उभ्या कळत होतं.

आबासाहेबांनी विचारलं, "कानिफ, कोणतं घ्यावं?"

"करवत घ्या," तो म्हणाला. "बाभळीची गाठ पाचरीला न्हाई आवरायची. आन् दुसरं मानूस चांगुणा हाय की."

आयुष्यात लाकडाबद्दल तो पहिल्यांदाच खोटं बोलला.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. चांगुणा सावलीत काम करायची, खोकलाही उतरला होता. बाभूळ आली तेव्हा कानिफनाथाने प्रत्येक ओंडका चाचपून दिसतील तेवढे खिळे उपटून काढले. पण जुने खिळे लाकडाने कधीच गिळून टाकले होते, ते बोटांना कसे लागणार? करवत किंचाळली, तिचा एक दात उडाला आणि समोर उभ्या चांगुणाच्या डोळ्यात घुसला. तो डोळा गेला. पुढे दुसऱ्यानेही तिला अंधूकच दिसू लागलं.

बाभळीतलं भूत सुटलं, असं गाव म्हणालं. मांत्रिकानेही मान डोलावली. कानिफनाथाने कुणाचंच म्हणणं खोडून काढलं नाही. भुताच्या नावावर खपतंय तर खपू दे, असं मनाशी म्हणताना त्याला स्वतःची किळस आली.

एकदा तो तिला भाकरीचा घास भरवत असताना चांगुणानेच त्याची समजूत काढली. "तुमी कशाला झुरता? भुतानं दावा साधला. यंत्र तर तुमी चांगलंच बगून आनलं हुतं."

"व्हय," कानिफनाथ म्हणाला, आणि पुढचा घास मोडला.