त्र्याऐंशी पोरींचा एकच नंबर

सीमाभागातल्या कमलनगरात एखादी गोष्ट सगळ्यांना कळवायची असली तर दोन मार्ग होते. एक, रिक्षाला भोंगा बांधून ती गल्लोगल्ली पुकारायची. दुसरा, डिग्री कॉलेजातल्या अंकुशरावांच्या कानात सांगायची आणि वर म्हणायचं, ‘कुणाला बोलू नका बरं.’ दुसऱ्या मार्गाला डिझेल लागत नसे आणि गोष्ट पार उदगीरपर्यंत पोचत असे.

अंकुशराव कॉलेजात अटेंडर. घंटा देणं, नोटिसा फिरवणं, प्रिन्सिपॉलांचा चहा आणणं ही त्यांची कागदावरची कामं. वय छप्पन्न, मिशी कुळकुळीत काळी. ती कशानं काळी आहे हे गावातल्या एका दुकानदाराला ठाऊक आहे. पण तो दुकानदार अंकुशरावांसारखा नसल्यामुळे ते अजून त्या दोघांतच आहे.

आता एवढा ऐकीव माल ज्याच्याकडे, त्याला आणखी माल सरकारनंच पुरवावा, याला काय म्हणायचं? पण झालं तसंच. पाच-सहा वर्षांपूर्वी युनिव्हर्सिटीनं फर्मान काढलं की प्रवेश, परीक्षेचा फॉर्म, निकाल, मार्ककार्ड, सगळं आता पोर्टलवर. मोबाइल नंबर टाकायचा, त्यावर सहा आकड्यांचा ओटीपी येणार, तो दहा मिनिटांच्या आत भरायचा, मगच पुढचं पान उघडणार. फर्मान काढणाऱ्यानं खेड्यावरून जीपला लोंबकळत येणाऱ्या पोरी काही पाहिल्या नसाव्यात. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात आणि बाप ट्रॅक्टरवर. इकडे कॉलेजात पोरगी खिडकीशी उभी, तिकडे ओटीपी शेतात. एका बापानं तर आकडे सांगायचे सोडून पोरीलाच झापलं, “बँकवाला म्हनलाय, आकडे कुनाला म्हंजी कुनाला सांगायचे न्हाईत. तुलाबी न्हाई!”

ऑफिसपुढची रांग फाटकापर्यंत गेली. क्लार्क डोकं धरून बसला. तेव्हा अंकुशराव म्हणाले, “माझा नंबर टाका की. मी काय, दिसभर हितंच असतो.” पोर्टलही तेव्हा नवखं, भोळं होतं, एका नंबरावर किती पोरी बसतात हे मोजत नव्हतं. हंगाम संपला तेव्हा अंकुशरावांच्या नंबरावर त्र्याऐंशी पोरी होत्या.

पोरी पास झाल्या, लग्नं होऊन औरादपासून बसवकल्याणपर्यंत पांगल्या. नंबर मात्र तिथंच राहिला. कुणाला मार्ककार्ड हवं, कुणाला दाखला, कुणाला नोकरीचा फॉर्म भरायचाय. सगळ्यांचे आकडे यायचे अंकुशरावांच्या शर्टाच्या खिशात. आणि अंकुशरावांनी एक नियम करून टाकला होता. आधी बातमी, मग आकडे.

“अण्णा, ओटीपी आला असंल बगा,” हळ्ळीखेडहून शैलश्री म्हणायची.

“आलाय की. तुझ्या नणंदेचं मोडलं म्हनं?”

“अण्णा, दहाच मिनटं हायत!”

“मग लवकर सांग.”

पोरी शहाण्या झाल्या. फोन करायच्या आधीच एखादी बातमी तयार ठेवू लागल्या. बातमी नसली तर एखादी रचून सांगायच्या. अशा रचलेल्या बातम्यांवर हळ्ळीखेडात दोन भांडणं झाली, असं म्हणतात. खरं-खोटं शैलश्रीला विचारावं.

यांतलीच एक पल्लवी. निकाल लागला त्या दिवशी तिच्या बापाआधी अंकुशरावांच्या फोनला कळलं की पोरगी डिस्टिंक्शनमध्ये आहे. त्यांनी तो मेसेज जाऊन दाखवला कोहिनूर गावच्या सत्यभामाबाईंना. सत्यभामाबाई म्हणजे त्यांची चुलत बहीण, मोठी, म्हणून अक्का. अक्कांना आपल्या मुलासाठी, बालाजीसाठी, मुलगी बघायची होती, अक्का मेसेजवर खूश झाल्या आणि चार महिन्यांत पल्लवी कोहिनूरला गेली. अण्णांचे मामा झाले.

पल्लवीला शिक्षिका व्हायचं होतं. मागल्या वर्षी तिनं बी.एड.चा फॉर्म भरला, नियमाप्रमाणे मामांना बातमी दिली आणि आकडे घेतले. मामांना भारी कौतुक वाटलं. ते त्यांनी एका साखरपुड्यात चारचौघांत बोलून दाखवलं. तिसऱ्या दिवशी कौतुक कोहिनूरला पोचलं.

अक्का घरात एक शब्द बोलल्या नाहीत. कलबुर्गीला मूळ कागद तपासायला न्यायचे होते, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी सुनेची सर्टिफिकेटं असलेली पेटी बंद केली, चावी कमरेला खोवली आणि चार दिवस लेकीकडे उदगीरला जाऊन राहिल्या. फोन केला की म्हणायच्या, “उद्या येते.” त्या आल्या तेव्हा तारीख गेली होती. बालाजी भला माणूस, पण आईपुढं त्याचा आवाज बंद मोटरसायकलपेक्षाही कमी.

यंदा जुलैत, एका मंगळवारी, ऑफिसात अंकुशराव पाण्याचा जार बदलत असताना पल्लवीचा फोन आला.

“मामा, ओटीपी सांगा.”

“सांगतो की. काय म्हनतंय कोहिनूर?”

पोरगी बोलली, आवाज न चढवता. “मामा, मागल्या साली तुमाला बातमी दिली. माझं वरीस गेलं. औंदा बातमी न्हाई. द्यायचे तर आकडे द्या, न्हाई तर न्हाई म्हना.”

अंकुशरावांना आजवर असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी आकडे दिले.

पल्लवीनं मग सगळं समजावलं. यंदा कागद घेऊन कलबुर्गीला जायचं नाही. मार्ककार्डं पोर्टलवर असतात, तिथूनच पाठवायची. पेटीला कुलूप आहे म्हणून सासूबाई निवांत आहेत. त्यांनी तसंच निवांत राहावं. ओटीपी तीन. आज फॉर्मचा, मग मार्ककार्डांचा आणि शेवटचा सीट पक्की करायचा. “सीट पक्की झाली की मीच सांगंन त्यांना. तोवर तुमी तोंड उघडलं, तर औंदाबी गेलं बगा.”

“किती दिस?”

“तीन आठवडे.”

अंकुशराव मटकन खुर्चीवर बसले. ती प्रिन्सिपॉलांची खुर्ची होती, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

ते तीन आठवडे कसे गेले हे त्यांच्या पत्नी कोंडाबाईंना विचारा. नवरा घरी येतो, जेवतो आणि कुणाबद्दल काही न बोलता झोपतो. बाईंना आधी संशय आला, मग भीती वाटली. “बीपी दाखवून या,” त्या म्हणाल्या. “न्हाईतर निदान शेजारच्यांचं तरी काय ते सांगा.” अंकुशराव दोन वर्षांपूर्वीच्या बातम्या काढून सांगू लागले. चहाच्या टपरीवर लोकांनी ओळखलं की काहीतरी मोठं आहे. “अंकुशराव, पोट फुगलंय तुमचं,” म्हणून चिडवायला लागले. अंकुशराव चहा अर्धा टाकून उठायचे. दुसरा ओटीपी आला, गेला. कुणाला पत्ता नाही.

तिसऱ्याची मुदत होती रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत. त्याच रविवारी हळ्ळीखेडला पाहुण्यांकडे बारसं. पल्लवीनं हिशेब बरोबर घातला होता: सासूबाई बारशाला गेल्या की आपण आणि बालाजी बसवकल्याणच्या सायबर कॅफेत. एकच गोष्ट हिशेबात धरायची राहिली. त्या बारशाला मामांनाही बोलावणं होतं.

जेवणं झाली. अक्का अंकुशरावांच्या शेजारी येऊन बसल्या. “आण रे फोन. लेकीच्या घरच्या वास्तूचे फोटू तुझ्याकडं हायत म्हनं.” त्यांनी फोन घेतला. बोटानं एक फोटो सरकवला, दुसरा सरकवला आणि टिंग झालं.

“हे काय आलं रे?”

“ओटीपी,” तोंडातून निघून गेलं.

“कुनाचा?”

मेसेज इंग्रजीत होता आणि अक्कांची शाळा चौथीपर्यंतची, तीही कन्नड. पण उत्तर तर द्यायलाच हवं. दुसऱ्या एखाद्या पोरीचं नाव घ्यावं, तर त्र्याऐंशींपैकी निदान दहाजणींचे सासरचे त्याच मांडवात ढेकर देत बसलेले. अक्का लगेच हाक मारून विचारणार.

“माझा,” ते म्हणाले.

“तुझा? तुला कामून?”

“मीबी फारम भरलाय. बी.ए.चा.”

अक्कांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू बारशातल्या पाळण्यात त्यांनाच घातलंय. त्या काही बोलणार तोच फोन वाजला. अनोळखी नंबर. अंकुशरावांनी हिसकावूनच घेतला.

“मामा, मी पल्लवी. आला का?”

“व्हय सर.”

“सर कामून म्हनायलाव?”

“लई गर्दी हाय सर हितं. बारशात हाय. हळ्ळीखेडला.”

“सासूबाई...?”

“शेजारीच की सर.”

अंकुशरावांनी फोन कानावरून काढला, डोळ्यांपुढं धरला. आकडे दिसेनात. चष्मा हात धुवायला गेले तिथं नळावर राहिला होता. चार वाजून पन्नास मिनिटं झाली होती. नळापर्यंत जायचं तर वाटेत चार पंगतींची माणसं, प्रत्येकजण हात धरून बसवणारा. एवढ्यात अक्काच म्हणाल्या, “काय करायलास? दिसत न्हाई व्हय? आण हिकडं.” अक्कांना इंग्रजी आकडे येतात. लेकीचा नंबर त्या स्वतः लावतात, त्याचा त्यांना अभिमान आहे.

अंकुशरावांनी क्षणभर विचार केला. मग स्पीकर लावला आणि फोन अक्कांपुढं धरला.

“लिवा सर,” ते म्हणाले. “आमची अक्का वाचायलीय.”

आणि सत्यभामाबाईंनी, एसटी स्टँडवर गाडीचा नंबर वाचावा तशा खणखणीत आवाजात, एकेक आकडा तोडून, सुनेच्या सीटचा ओटीपी वाचला. “चार. झिरो. सात. परत सात. एक. नऊ. आलं का वो सर ध्यानात? परत सांगू?”

थोड्या वेळानं पलीकडून बालाजीचा आवाज आला, घोगरा करून काढलेला. “झालं.” आणि फोन बंद झाला.

“सर लई कमी बोलतेत तुमचे,” अक्का म्हणाल्या.

तो दिवस संपायच्या आत तीन तालुक्यांना कळलं की अंकुशराव छप्पन्नाव्या वर्षी बी.ए.ला बसणार. अंकुशरावांनी आयुष्यात पसरवलेली कुठलीही बातमी एवढ्या वेगानं गेली नव्हती. सोमवारी सकाळी प्रिन्सिपॉल राजपाल सरांनी त्यांना आत बोलावलं. उभं न ठेवता बसवलं, तेव्हाच अंकुशराव घाबरले.

“अंकुशराव, मला का नाही सांगितलंत? आपल्याकडे मुक्त विद्यापीठाचं केंद्र आहे, आणि तुम्ही बाहेर कुठं भरलात?”

“सर, ते तसं न्हाई...”

“लाजताय कशाला? तुमचं बारावीपर्यंतचं, पी.यू.सी. झालंय ना?”

“झालंय. पर त्याला चाळीस वरसं होत आली.”

“चालतं. भरू या इथंच.”

खरं सांगावं तर पल्लवीनं अजून घरी सांगितलेलं नाही. खोटं म्हणावं तर दुपारपर्यंत कोहिनूरला कळणार आणि अक्का विचारणार, मग तो ओटीपी कुणाचा? राजपाल सरांनी स्वतः कॉम्प्युटरवर फॉर्म भरला. नंबर विचारला. फोन टिंग झाला आणि पोर्टल आल्यापासून पहिल्यांदा अंकुशरावांच्या फोनवर अंकुशरावांचे आकडे आले.

“काय ओटीपी?” सर म्हणाले.

अंकुशरावांनी निमूट सांगितला.

गुरुवारी पल्लवीनं सीटचं पत्र सासूपुढं ठेवलं. शुक्रवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं सत्यभामाबाई कॉलेजात हजर. ऑफिसच्या दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

“तुला ठाव होतं?”

“व्हय, अक्का.”

“तीन आठवडे?”

“तीन आठवडे.”

“सून शिकायलीय म्हनून न्हाई मी आले,” त्या म्हणाल्या. “मागल्या साली मी आडवी आले, ते समद्या गावाला दिसलं. औंदा माझ्याच तोंडानं वाचून घेतलंस तू. मांडवात. माणसांपुढं.”

“दुसरा उपाव न्हवता, अक्का. चष्मा नळावर होता.”

अक्का वळल्या आणि गेल्या. तेव्हापासून त्या अंकुशरावांशी बोलत नाहीत. सुनेशी बोलतात, एका घरात राहून न बोलणं जमत नाही आणि भाकरी तर दोघींनी मिळूनच करायच्या असतात. पल्लवी सकाळच्या गाडीनं बसवकल्याणला जाते. तिच्या डब्यात काय असतं, तो कोण भरतं, यावर कोहिनूरमध्ये दोन मतं आहेत.

सप्टेंबरात तिचा एक फोन आला. अंकुशराव आपल्या बी.ए.च्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालत होते.

“मामा, ह्यांनी मला फोन घेतलाय. पोर्टलवर नंबर बदलायचाय. जुन्या नंबरावर ओटीपी येतो म्हनतंय.”

टिंग झालं. अंकुशरावांनी चष्मा लावला. ही शेवटची वेळ. यापुढं तिचा निकाल, तिची हजेरी, तिची नोकरी यांतलं काहीच या खिशात येणार नाही.

“पल्लवे,” ते म्हणाले, “बदललाच पायजे का?”

“बदलायचाय, मामा.”

त्यांनी आकडे सांगितले. तिनं भरले. जरा वेळानं म्हणाली, “झालं.”

“झालं?”

“व्हय. ठेवू का मग?”

“ठेव,” अंकुशराव म्हणाले आणि उरलेलं कव्हर घालायला घेतलं.