नुसतं धरायचं नाही

माझी बॅग आदल्या दिवशीच भरलेली असते. सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, तोंडाशी बसवायच्या वेताच्या पट्ट्या, म्हणजे चार चांगल्या रीड, काळी पँट, पांढरा शर्ट, टाय. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचो तेव्हाही अशीच. तिथले बँड बंद पडले, मग वसईत लग्नं, गरबा, विसर्जन, मयत, सगळं वाजवलं. गायकाच्या मागे उभं राहायचं, त्याने श्वास घेतला की तेवढ्या जागेत आपलं म्हणणं मांडायचं, पुन्हा गप्प. मागे उभं राहण्याची मला कधी लाज वाटली नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माणिकपूरच्या एका हॉलमध्ये रिसेप्शन होतं. बँडमास्टर माझ्याहून लहान, पण माझी बहुतेक कामं त्याच्याकडूनच यायची. मी रीड तोंडात भिजवत होतो, तेवढ्यात तो आला.

"अंकल, आज फुंकायचं नाही. नुसतं धरायचं. सॅक्सचा आवाज कीबोर्डमधून येणार."

"आणि मी?"

"बोटं हलवा. व्हिडिओत झकास दिसतं."

"मग स्टँडवर ठेव ना सॅक्स. जेवायलाही मागणार नाही."

"नखरे नकोत हां अंकल. पुढची कामं हवीत ना?"

हवी होती. तरीही पहिल्याच गाण्यात सॅक्सची जागा आली आणि मी छाती भरून फुंकलं. समोर माईक नव्हता. पितळेला तो लागत नाही. कीबोर्डवाल्याने एक ओळ झुंज दिली, मग हसून हात उचलले. शेवटच्या गाण्यापर्यंत मीच वाजवलं.

बँडमास्टरने बोलावणं बंद केलं. दोन सीझन मयती आणि गावचे सण यांवर काढले. सराव मात्र रोज दुपारी, पापडी गावातल्या माझ्या घरात, खिडक्या उघड्या टाकून. ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं.

मग बँडमास्टरच्याच बहिणीचं लग्न ठरलं. आमच्या वसईच्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत, पायी जाऊन विहिरीचं पाणी आणतात. तो स्वतः दारात उभा.

"अंकल, उद्या विहिरीवर याल ना?"

"कीबोर्ड कुठे गेला?"

"वायर पुरत नाही."

"फुंकायचं की धरायचं?"

आतून माझी बायको हसली. तो खाली बघत म्हणाला, "फुंका हो."

मी सहा रीड घेतल्या. नेहमीसारखा मागेच चाललो. पुढे त्याच्या मावश्या गात होत्या. त्या श्वास घ्यायला थांबल्या, की तेवढ्या जागेत मी जॅझ वाजवला.