सत्तेचाळीसवर थांबलेला आकडा

श्रीरामपूरला स्टेशन रोडवर एका कापडदुकानाच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास होता. यशोधरा तिथं शिकवायची. सकाळची बॅच सुटली की संध्याकाळपर्यंतची दुपार तिची एकटीची. मग ती टेलिफोनची तार मशीनला जोडायची, मोडेम करकरायचा आणि कुठकुठल्या देशांतली पत्रं त्या माडीवर उतरायची.

साल नव्व्याण्णव. जगभरची माणसं मिळून, बिनपगारी, एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत होती. वर्षभरापूर्वी यशोधरानं त्या सिस्टीममधली एक चूक कळवली आणि तेव्हापासून प्रोसेसरचं तापमान मोजणारा भाग तपासायला तिच्याकडं येऊ लागला. कुणी त्या कोडमध्ये बदल सुचवला की तो वाचायचा, चालवून बघायचा, घ्यावा की नाही ते कळवायचं. ती ओळी छापून खिडकीशी बसायची. वाचता वाचता तिला लिहिणारा माणूस दिसू लागायचा.

मे महिन्यात नॉर्वेतल्या ओलाव नावाच्या माणसाचा बदल आला. ओळी इतक्या नीटस, की वाचताना तिला बर्फातलं एक लाकडी घर आणि दिव्याखाली वाकलेलं डोकं दिसलं. तिनं तो बदल चालवला. पडद्यावर चव्वेचाळीस, पंचेचाळीस करत आकडा सत्तेचाळीसला टेकला आणि तिथंच राहिला. खिडकीचा पडदा हलत होता, कौलांवर पारवे घुमत होते. यशोधरा मनानं कधीच त्या बर्फातल्या घरी पोचली होती. ‘चांगलं आहे, घ्यावं’ असं लिहून झालं होतं; नुसतं पाठवायचं बाकी होतं.

तेवढ्यात तिचे वडील जिना चढून आले. सहादू साखर कारखान्यात बॉयलरवर होते. हंगाम संपलेला, म्हणून चष्म्याचा नंबर काढायला गावात आलेले.

“ह्यो आकडा कशाचा?”

“मशीन आत किती तापलंय त्याचा, आबा.”

सहादू मागं हात बांधून बघत राहिले. “कवापासनं सत्तेचाळीस हाय?”

“अर्धा तास झाला. एकदम स्थिर आहे.”

“ऊन चढतंय, पंखा गरम वारा फेकतोय, आन् ह्यो हलंना?” ते सावकाश म्हणाले. “बॉयलरवर आमी थांबलेल्या काट्याला लई भ्यायचो. हलता काटा जित्ता असतो. थांबला की त्याच्यावर इसंबून न्हाई ऱ्हायचं.”

यशोधरानं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. ओलावचा कोड सुरू होण्याआधीच, मशीनच्या स्वतःच्या सुरुवातीच्या पडद्यावर आकडा आला, एकोणसाठ.

तिनं कागद पुन्हा हातात घेतला. सातव्या ओळीत होतं ते: मोजणाऱ्या चिपनं उत्तर दिलं नाही, तर मागचाच आकडा दाखवावा. ही ओळ तिनं पाच वेळा वाचली होती आणि दर वेळी तिला ती समजूतदार वाटली होती. चिप गप्प झाली होती आणि कोड जुनंच सांगत बसला होता.

तिनं लिहिलेलं पुसलं. नवं लिहिलं, ‘उत्तर आलं नाही, तर उत्तर आलं नाही असंच सांगावं. हे माझ्या वडिलांच्या लक्षात आलं. ते बॉयलर सांभाळतात.’

चार दिवसांनी ओलावचं पत्र आलं. त्याचं मशीन थंड तळघरात असायचं, तिथं आकडा फारसा हलतच नसे, म्हणून हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. ओळ त्यानं बदलली होती. शेवटी विचारलं होतं, वडिलांचं नाव काय?

जूनमध्ये नवी आवृत्ती आली. यशोधरानं बदलांच्या नोंदीचं पान छापून कारखान्याच्या कॉलनीत नेलं. तिची आई, बनाबाई, भाकरी थापत होती. सहादूंना इंग्रजी येत नव्हतं. लेकीनं त्यांचं बोट धरून त्यांच्या नावाच्या ओळीवर ठेवलं.

“ह्ये मी?”

“हो. आणि शेजारी मी.”

बनाबाईनं पिठाचा हात पुसून पान जवळून बघितलं. सहादू बराच वेळ बोट तसंच ठेवून बसले. मग त्यांनी विचारलं, “त्या मानसाकडं आत्ता दिवस हाय का रात?”

“या दिवसांत तिकडं सूर्य मावळतच नाही म्हणतात, आबा.”

सहादूंनी दारातून उसाच्या पलीकडं, मावळतीकडं पाहिलं. “मंग झोपत असतील कवा?” ते म्हणाले, आणि बापलेक दोघंही तिकडंच बघत राहिले.