शिस्त मागायला गेलो होतो

सुभेदार नामदेवराव शेलार यांची आणि माझी पहिली भेट आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात चपलांपाशी झाली. जिथे ढीग असायला हवा होता तिथे सरळ रांगा होत्या. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातून फौजेत गेलेल्या आणि निवृत्तीनंतर कॅन्टोन्मेंटजवळच राहिलेल्या या गृहस्थांनी उत्सवातलं तेच काम मागून घेतलं होतं. आरतीनंतर त्यांनी न विचारता माझा जोड पुढे केला. आयुष्यभर रंगरूटांना शिकवलंय, असं कोणीतरी सांगितलं. त्या रांगा माझ्या डोक्यात बसल्या.

त्याच हिवाळ्यात माझा मुलगा निनाद दहावीच्या पूर्वपरीक्षेत गणिताचा पेपर अर्धा टाकून बाहेर आला. त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष आणि अंग एका जागी फार वेळ ठरत नाही. डॉक्टरांनी समजावलं होतं, औषध चालू होतं. पण मी मनातून या सगळ्याला बहाणाच समजत होतो. त्या दिवशी नको ते बोललो. त्यानंतर निनादने माझ्याशी बोलणंच सोडलं. बोर्डाला बसणार नाही, हेही त्याने आईकरवी कळवलं.

मी सरकारी माणूस, उपाय सुचला तो असा: त्याला सुभेदारसाहेबांकडे नेलं आणि त्याच्यादेखत म्हणालो, "याला जरा सरळ करा." हे लिहिताना आजही लाज वाटते.

साहेब अंगणात उन्हाला बसून मटार सोलत होते. त्यांनी निनादपुढे एक थाळी सरकवली. निनाद सोलायला लागला, उठला, गेटपर्यंत जाऊन आला, पुन्हा बसला. मी दरवेळी डोळे वटारत होतो. अर्ध्या तासाने साहेब म्हणाले, "पोरगं आळशी न्हाई, साहेब. सात बार उठलं, आन् सात बार परत येऊन बसलं. तुम्ही निस्तं उठलेलं मोजताय." मग विचारलं, "फौजेत हर जवानाला एक बडी असतो, जोडीदार. घरात याचा बडी कोण?"

मी निनादकडे पाहिलं. "कल से चार वाजता मी येतो," ते म्हणाले.

आणि ते खरंच येत राहिले. गुडघे दुखत असताना आमच्या क्वार्टरचे दोन मजले चढून, हातात मटारची पिशवी घेऊन. गणित त्यांना येत नाही, ते स्वतःच सांगतात. निनाद गणितं करायचा, ते समोर बसून सोलायचे. तो उठला तर "मी हाय इथं," एवढंच म्हणायचे. औषधाबद्दल मी एकदा कुरकुरलो तेव्हा मात्र चांगलंच सुनावलं. डॉक्टरने दिलेल्या गोळीला पलटणीत कोणी बहाणा म्हणत नाही, म्हणाले. त्या महिन्यात आमच्याकडे रोज मटारचं काहीतरी असायचं.

एके दिवशी ऑफिसात त्यांचा फोन आला. "गुडघा बसला. आज तुमची ड्यूटी." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून निनादसमोर बसलो. दहा मिनिटांत हातात मोबाइल आला. मग चहा करायला उठलो. मग उगीचच फ्रिज उघडला. मागून आवाज आला, "बाबा, तुम्हीपण?" निनाद हसत होता. कित्येक आठवड्यांनी तो माझ्याशी बोलला होता. मला रडू आलं, ते मी फ्रिजच्या दारामागे आवरलं.

बोर्डाच्या गणिताला निनाद शेवटची घंटा होईपर्यंत बसला. पास झाला. गुण सांगण्याजोगे नाहीत, आणि आमच्या घरात आता ते पहिलं विचारलं जात नाही. अजूनही त्याचे वाईट दिवस येतात. तेव्हा मी समोर जाऊन बसतो. बसायला मला साहेबांनी शिकवलं.

साहेबांनी आता पंचाहत्तरी गाठली आहे. त्यांच्या गुडघ्यांनी त्यांना शंभरीपर्यंत साथ द्यावी, सकाळचं ऊन त्यांच्या अंगणात असंच यावं, आणि आमच्यासारख्या उतावळ्या बापांना त्यांचं दार असंच उघडं मिळावं, ही माझी मनापासून प्रार्थना.

हा लेख लिहिताना मी चार वेळा टेबलावरून उठलो. पाचव्या वेळी परत आलो तर समोरच्या खुर्चीत निनाद मटारची थाळी घेऊन बसला होता.

"लिहा बाबा," तो म्हणाला. "मी आहे इथं."