भोरड्या आणि आमचे थोरले साडू

आमच्या थोरल्या साडूंइतका सौद्याला निकामी माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नाही; आणि मला, साऱ्या बाजाराला पाणी पाजणाऱ्याला, हरवलं ते त्यांनीच. मी दावी वळून विकता विकता बैलांचा व्यापारी झालो. समोरच्याची बोटं हातात आली की त्याच्या घरातली अडचण मला कळते. या गृहस्थांचं मात्र काही कळायचं नाही. बैलाला ते "मालक, पाय उचला" म्हणायचे आणि गावात आलेल्या नव्या तहसीलदाराला "बस की रे, उन्हात काय उभा." मेव्हणी वारल्यावर झरीजवळच्या शेतात राखणीच्या माळ्यावरच राहायला गेले. ज्वारी राखायची म्हणून गोफण फिरवायचे, पण तीत खडा घालायचे नाहीत. नुसता आवाज. "एखादीला लागला म्हंजे?" भोरड्या हजारांनी येऊन कणसं खायच्या आणि हे मान वर करून बसायचे. एका हिवाळ्यात 'तातडीनं या' असा निरोप आला. कोणी गेलं असं समजून मी भरला बाजार सोडून गाडी हाकली. बायको वाटभर रडत होती. हे माळ्यावर शेंगा फोडत बसलेले. "आलात व्हय, साडूबुवा? काल लय उठली पाखरं. आज जरा कमी हायत, पर बघा." मी तोंडाला येईल ते बोललो. तरी दरसाल निरोप यायचा आणि दरसाल मी शिव्या देत जायचो.

पोलीस ॲक्शननंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात त्यांच्या जोडीतला एक बैल दगावला. उरलेला मी मागितला. रीतीप्रमाणे हातांवर रुमाल टाकला. त्याखाली दर बोटांनी सांगायचा, तोंडानं नाही, आणि सांगितलेला फिरवायचा नाही. ते आठवर अडलेले, मी चारवर. तेवढ्यात बांधावरच्या बाभळींतून सगळ्या भोरड्या एकदम उठल्या. ऊन झाकलं. पंखांच्या आवाजानं बैल बावरला. साडूंनी वर बघत माझी पाचही बोटं गच्च धरली. बाजारात पाच बोटं धरली म्हणजे पाच. हा दर नव्हे, हे मला कळत होतं. तरी मी म्हणालो, "झाला सौदा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दावं सोडून माझ्या हातात दिलं.

त्यांनी भांडायला हवं होतं. माझा राग अजून त्यावरच आहे. भांडले असते तर मी सहावर आलो असतो, सातवरही आलो असतो. आठ दिवसांनी मी बैल परत घेऊन गेलो, तर म्हणाले, "रुमालाखाली ठरलं ते ठरलं. त्यो तुमचा. बसा, हुरडा खा."

"तुमचा हुरडा तुमीच खा," म्हणून मी फिरलो.

पुढच्या हिवाळ्यात निरोप आला नाही. वाट पाहिली, हे मी घरातही बोललो नाही. त्याच्या पुढच्या साली निरोप आला, तो ते गेल्याचा.

परवा झरीच्या वाटेवर तसाच थवा उठला. मी गाडी थांबवली. गाडीत चार व्यापारी होते, आपसांत हुज्जत घालत. एकानंही मान वर केली नाही. 'बघा' असं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. कोणाला म्हणावं, ते कळेना.