निकाल लागेपर्यंतची नोकरी

जालन्यातल्या एका सरकारी कार्यालयात मी आस्थापना शाखेत आहे. कर्मचाऱ्यांच्या रजा, बदल्या, बढत्या, निलंबनं, सगळं माझ्या टेबलावरून जातं. तो आमच्याकडं कारकून म्हणून रुजू झाला त्या दिवशी त्याच्या गावचे तीस-चाळीस जण ट्रॅक्टरमधून आले होते. गेटपर्यंत हलगी वाजवत आणलं त्याला. कपाळभर गुलाल, गळ्यात हार, आणि तसाच माझ्यासमोर उभा. सही करताना गुलाल कागदावर सांडला. मी रागावले, तर म्हणाला, "ताई, दुसरा कागद द्या, परत करतो." दुसऱ्या कागदावरही सांडला.

कबड्डीत तो राज्याकडून खेळलेला, खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला लागलेला. डाव्या हाताची दोन बोटं मोडून वाकडी राहिलेली. फाइलीचं काम मात्र त्याला काही म्हणजे काही येत नव्हतं. टिप्पणी कशी लिहायची, 'मान्यतेस्तव सादर' कुठं लिहायचं, हे मी शिकवलं. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. मला ताई म्हणायचा, मी त्याला भाऊ.

ऑफिस सुटलं की तो मैदानावर जायचा. मुलींचा संघ त्यानं उभा केला होता. खेड्यातल्या आईबापांना समजावून पोरींना हाफ पँटवर मैदानात उतरवणं सोपं नसतं. तो त्यांच्या घरी जायचा, भाकरी खायचा आणि म्हणायचा, "काका, पोरगी माझी जिम्मेदारी."

त्यातलीच एक मुलगी टेंभुर्णीची. शेतकऱ्याच्या घरातली, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. राज्य स्पर्धेत तिच्या चढायांवर जिल्ह्यानं उपांत्य सामना जिंकला, तेव्हा तो तिला आमच्या ऑफिसात सगळ्यांना भेटवायला घेऊन आला. मी तिला माझ्या डब्यातली मेथीची भाजी दिली. उभ्या उभ्याच खाल्ली तिनं. मग माझ्या खुर्चीला हात लावून विचारलं, "मॅडम, इथं बसायला काय लागतं?"

"पदक," तो मागून म्हणाला. "आन पोलीस भरतीत तर तुझी जागा पक्कीच समज."

ती हसली. त्यानंतर ती कधी भेटली की मला ताई म्हणायची, त्याच्यासारखंच.

दीड वर्षानं एका सोमवारी सकाळी शिपायानं माझ्याकडं येऊन हळू आवाजात सांगितलं, "मॅडम, भाऊला पोलिसांनी उचललं शनिवारी." तक्रार त्या टेंभुर्णीच्या मुलीची होती. परगावी स्पर्धेला संघ गेला असताना त्यानं तिला खोलीवर बोलावून घेतलं, दार लावलं, तिच्या अंगाला हात लावला. ती धक्का देऊन बाहेर पळाली. घरी सांगायला तिला पंधरा दिवस लागले, असं तक्रारीत होतं.

कर्मचारी अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की तो निलंबित झाला असं मानायचं, हा आमच्याकडचा नियम. त्यात कुणाला काही ठरवावं लागत नाही. पोलिसांचं पत्र आलं, मी आदेश टाइप केला, साहेबांनी सही केली. त्याचं पूर्ण नाव टाइप करताना दोनदा चुकलं.

ऑफिसात दोन तट पडले. "इतकी वर्षं पोरी शिकवल्या, कुणाची तक्रार न्हाई, आन आत्ताच?" असं काही म्हणायचे. "पोरगी आपली इज्जत उगं चव्हाट्यावर मांडंन का?" असं दुसरे. जेवणाच्या सुट्टीत हेच. मला विचारलं की मी म्हणायचे, "कोर्ट ठरवील ना. तोवर आपण कशाला ठरवायचं?"

हे मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नव्हते. माझे वडील शिक्षक होते. मी सातवीत असताना त्यांच्यावर परीक्षेचा पेपर फोडल्याचा आरोप आला. त्याच आठवड्यात निलंबन झालं. खटला सहा वर्षं चालला आणि ते निर्दोष सुटले. पण तोपर्यंत त्यांनी पारावर जाणं सोडलं होतं, लग्नकार्याला जाणं सोडलं होतं, दाढी करायलाही न्हाव्याला घरी बोलवायचे. निकालाचा कागद त्यांनी कपाटात ठेवला तो कुणाला दाखवलाही नाही. त्यामुळं आरोप झाला की माणसाची भाकरी काढून घ्यायची, हे मला कधीच पटलेलं नाही. माझं ते ठरलेलं मत होतं, आणि मला वाटायचं की ठरलेलं मत असलं की माणूस निवांत राहतो.

त्याला जामीन मिळाला. कोर्टानं अट घातली, मुलीशी किंवा तिच्या घरच्यांशी कसलाही संबंध ठेवायचा नाही. एका रविवारी दुपारी तो बायकोला घेऊन आमच्या घरी आला. वजन निम्मं झालेलं. चहा घेतला नाही.

"ताई, तुम्ही मला दहा वर्षं बघून राह्यल्या. मी असा माणूस हाये का?"

त्याची बायको माझ्याकडं बघत होती. तिला माझं उत्तर त्याच्यापेक्षा जास्त हवं होतं. मी म्हणाले, "भाऊ, धीर धरा." ते उत्तर नव्हतं, हे त्या दोघांनाही कळलं. जाताना तिनं माझ्या पायाला हात लावला, ते मला अजून सहन होत नाही.

तीन महिन्यांनी निलंबनाचा आढावा घ्यायची वेळ आली. टिप्पणी मलाच लिहायची होती. साहेब म्हणाले, "मॅडम, आपलं मत लिहू नका. नियम काय म्हणतो तेवढं लिहा." मी नियम लिहिले. खटला किती वर्षं चालेल सांगता येत नाही, तोवर माणसाला घरी बसवून अर्धा पगार देण्यात शासनाचं हित नाही, जनतेशी संबंध येणार नाही अशा जागी त्याला परत घेता येईल. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

त्याला परत घेण्याचा आदेश निघायच्या आधी त्या मुलीची आई आली. एकटी, टेंभुर्णीहून एसटीनं. माझं टेबल विचारत विचारत आली आणि खुर्चीवर न बसता उभीच राहिली.

"बाई, तो माणूस परत कामावर येऊन राह्यला म्हणं. खरं का?"

मी म्हणाले, "अजून गुन्हा शाबीत झाला नाही, मावशी. निकाल लागेपर्यंत कुणाची नोकरी कायमची काढता येत नाही."

"मंग आमच्या पोरीचं काय शाबीत झालं?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तिचं मैदान गेलं. कॉलेज सुटलं. गावात लोक म्हणतेत, हीच कशाला गेल्ती खोलीवर. तिचा निकाल तर लागला बी. त्याचाच तेवढा बाकी हाये."

मी तिला पाणी दिलं. तिनं ते घेतलं, अर्धं प्यायली आणि गेली. त्या दिवशी संध्याकाळी मला वडिलांची आठवण आली आणि पहिल्यांदाच त्या आठवणीचा आधार वाटला नाही.

तो परत रुजू झाला. या वेळी हलगी नव्हती. त्याला मागच्या खोलीत, जुन्या अभिलेखांच्या कपाटांशेजारी बसवलं. सकाळी यायचा, हजेरीचा अंगठा लावायचा, कुणाशी बोलायचा नाही. मैदानावर जायला त्याला कबड्डी संघटनेनं बंदी केली होती, तर साडेपाचनंतरही तो तिथंच बसून राहायचा. ऑफिसातल्या बायका त्या खोलीत एकट्या जाईनाशा झाल्या. मीसुद्धा. एखादी फाइल लागली तर शिपायाला पाठवायचे. आपण असं करतो हे लक्षात आल्यावर मला लाज वाटली, पण मी तसंच करत राहिले.

पुढच्या वर्षी पोलीस भरती निघाली. ती मुलगी माझ्याकडं आली. बारीक झाली होती, पण डोळे तेच. हातात प्लास्टिकच्या पिशवीत राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र. खेळाडूंच्या जागेसाठी ते तपासून घ्यावं लागतं, आणि तपासणीसाठी ती त्या संघात खरोखर खेळली असं तिच्या प्रशिक्षकानं लिहून द्यावं लागतं. फॉर्मवर सहीची जागा छापलेली होती.

"मी त्यांच्यासमोर जाणार न्हाई, ताई," ती म्हणाली. "तुम्ही घेऊन द्याल का? नुसती सही. ते तर खरंच हाये ना, मी खेळलेली."

मी संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना फोन केला. त्यांची सही चालेल का म्हणून विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, प्रकरण कोर्टात हाये. निकाल लागू द्या, मंग बघू." क्रीडा खात्यातल्या ओळखीच्या एका बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, फॉर्ममध्ये प्रशिक्षक लिहिलंय तर प्रशिक्षकच लागतो.

शेवटी मी स्वतः मागच्या खोलीत गेले. कागद त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तिचं नाव वाचलं आणि हात टेबलाखाली घेतले.

"ताई, मला बिलकुल सही करता येत न्हाई."

"ती खेळली हे खरं आहे ना, भाऊ?"

"खरं हाये. तिच्यासारखी चढाई करणारी माझ्याकडं दुसरी झाली न्हाई." मग म्हणाला, "वकील म्हणला, तिच्या कोणत्याच कागदाला हात लावू नका. जामीन रद्द होईल. उद्या म्हणतील, सही देऊन मिटवायला बघून राह्यला."

"वकिलाला विचारून बघा. मी आणलाय कागद, तिनं नाही."

त्यानं माझ्यासमोर फोन लावला. बोलणं मिनिटभर झालं. त्यानं मान हलवली आणि कागद माझ्याकडं सरकवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कशाचं होतं, हे मी आजही सांगू शकत नाही. तो खरंच घाबरला होता, की त्या मुलीनं वर्दी घालून कोर्टात उभं राहावं हे त्याला नको होतं? मी त्याला दहा-बारा वर्षं बघत आले होते आणि मला एवढंही कळलं नाही.

बाहेर बाकावर ती बसली होती. माझ्या हातात कागद तसाच बघून उठली. "न्हाई म्हणले?"

"वकिलानं नको म्हटलंय."

"बराबर हाये," ती म्हणाली, आणि प्रमाणपत्र परत पिशवीत घातलं. नीट, कोपरा दुमडू न देता.

तिनं खेळाडूंची जागा सोडून साध्या वर्गातून अर्ज भरला. वर्षभर सराव नव्हता, धावण्यात मागं पडली. यादीत नाव आलं नाही. पुढच्या भरतीला वय बसेल, असं मी म्हणाले. तिनं हो म्हटलं. त्या 'हो'त काही नव्हतं.

त्याच सुमारास त्याच्या बढतीचा विषय आला. खटला चालू असलेल्या माणसाच्या बढतीचा निर्णय बंद पाकिटात ठेवतात. मी पाकीट तयार केलं, लाख लावली, कपाटात ठेवलं. निर्दोष सुटला तर उघडायचं. त्याची जागा कपाटात का होईना, राखून ठेवलेली आहे. असंच असायला हवं, हे माझं मत अजूनही बदललेलं नाही. माझ्या वडिलांसाठी कुणी असं पाकीट ठेवलं असतं तर ते कदाचित पारावर जात राहिले असते. पण तिच्यासाठी कुठलं पाकीट, कुठल्या कपाटात, आणि ते कुणी करायचं, हे कुठल्याच शासन निर्णयात मला सापडत नाही. मी शोधलं आहे.

गेल्या दिवाळीच्या आधी जुन्या जालन्यात एका कापडाच्या दुकानात मी भाचीच्या लग्नाच्या साड्या बघायला गेले, तर काउंटरमागं ती मुलगी. थप्पीतून साडी ओढून एका झटक्यात उलगडत होती. मला बघून थांबली, मग हसली.

"बसा ताई. दाखवू का? पैठणी का साधी?"

साड्या बघता बघता मी हळूच विचारलं, खटला कुठवर आला.

"माझी साक्ष हाये गुरुवारी. दोनदा पुढं गेली." तिनं दुकानदाराकडं एक नजर टाकली. "सेठ सुट्टी देत न्हाईत. खाडा पडतो. तारखेला गेलं तर हप्तेभर तोंड वाकडं करतेत."

माझ्या टेबलावर त्याच गुरुवारचा त्याचा रजेचा अर्ज आला होता. कारणाच्या रकान्यात 'न्यायालयीन कामकाज'. मी तो मंजुरीसाठी पाठवून आले होते. हे मी तिला सांगितलं नाही.

"ताई, एक विचारू?" तिनं साडीची घडी घालत विचारलं. "तुम्हाला काय वाटतं? मी खरं बोलली का न्हाई?"

आजूबाजूला गिऱ्हाईक होतं. नसतं तरी काही फरक पडला नसता. मला तिच्यावर विश्वास आहे, असं म्हणावंसं वाटलं. तिच्या आईनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला तेव्हापासून मला तसंच वाटत आलं आहे, बहुतेक. पण त्या रविवारी पायाला हात लावणारी त्याची बायकोही मला दिसत होती. माझ्या तोंडून निघालं, "बाई गं, कोर्ट ठरवील."

तिनं मान खाली घातली आणि पुढची साडी काढली.

शुक्रवारी सकाळी तो अंगठा लावायला आला. मी वर बघितलं. मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "जज साहेब रजेवर होते, ताई. दोन महिन्यांनी तारीख दिली." आणि मागच्या खोलीत निघून गेला.